पावसाळ्यात जुना पीसी चालूच होत नाही: काय बघायचं, कुठे थांबायचं आणि फाईली कधी काढायच्या

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचा प्रकार हाच आहे का ते कळेल.

- बटण दाबलं की पंखा फिरतो, लाईट लागते, पण स्क्रीन काळीच. मॉनिटरवर 'नो सिग्नल'.
- चालू होतो, दोन-तीन सेकंदात बंद, परत आपोआप चालू, परत बंद, असंच सुरू राहतं.
- पीसीच्या डब्यातून लांब लांब बीप.
- चालू होतो पण तारीख कुठलीतरी जुनीच, 'एफ१ दाबा' म्हणतो, आणि बँकेची साईट उघडली की 'कनेक्शन सुरक्षित नाही'.
- दहा-पंधरा मिनिटं नीट चालतो आणि मग कुणीतरी प्लग ओढल्यासारखा धप्पकन बंद.
- निळी स्क्रीन येते, दर वेळी वेगळाच कोड.
- विंडोज यायलाच युगं जातात, आणि एखाद्या फोल्डरवर क्लिक केलं की सगळं गोठतं.
- काहीच नाही. ना लाईट, ना पंखा.

हे सगळं मी दहा-पंधरा वर्षं जुन्या डेस्कटॉपबद्दल लिहितेय, म्हणजे डीडीआर२ किंवा डीडीआर३ रॅमवाले (रॅम म्हणजे स्लॉटमध्ये बसवलेली मेमरीची पट्टी, आणि या तिच्या जुन्या पिढ्या), जे घराच्या कोपऱ्यात कापड घालून ठेवलेले असतात आणि सोसायटीचा हिशोब नाहीतर मुलांच्या लहानपणीचे फोटो एवढ्यासाठीच जिवंत आहेत. मी ऐरोलीत राहते, माहेर ठाण्यात नौपाड्याला, आणि जूनचा पहिला आठवडा उलटला की दोन्हीकडून फोन सुरू होतात, "अगं ताई, कॉम्प्युटर परत गेला गं, मदरबोर्ड गेला म्हणतोय दुकानवाला." बहुतेक वेळा मदरबोर्ड, म्हणजे डब्यातला मुख्य बोर्ड, गेलेला नसतो.

पावसाळ्यातच का, हे कळलं की पुढचा क्रम आपोआप पटेल. आपल्याकडे एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यांची, मेट्रोची कामं, त्यामुळे वर्षभर डब्यात बारीक धूळ साठते, ती उन्हाळ्यात कोरडी असते म्हणून गप्प बसते, पण जून-जुलैत तीच धूळ ओल धरते आणि थोडी थोडी वीज वाहू लागते. शिवाय रॅमचे सोनेरी पट्टे आणि स्लॉटमधल्या बारीक पिना यांच्यात एक पातळ थर बसतो, डोळ्याला दिसत नाही पण काँटॅक्ट जातो. रोज चालणारा पीसी आतून गरम राहतो म्हणून कोरडा राहतो. जो महिन्यातून एकदा चालू होतो तोच सापडतो. एसीच्या खोलीतला असेल तर अजून एक प्रकार, एसी बंद करून खिडकी उघडली की बाहेरची दमट हवा थंड धातूवर बसते आणि तिथे ओल येते, त्यामुळे तेव्हा लगेच बटण दाबू नका, अर्धा तास जाऊ द्या.

आता क्रमाने. फुकटचं आधी, खर्चाचं नंतर.

भिंतीपासून सुरुवात

हसू नका, पण एक्स्टेंशन बोर्ड हा सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे. पीसीचा प्लग काढून त्याच पॉइंटला टेबल लॅम्प लावा आणि वायर थोडी हलवून बघा, लॅम्प लुकलुकला तर पीसीचा काही दोष नाही. टेस्टर लावून 'दिवा लागतोय, म्हणजे करंट आहे' असं म्हणू नका, टेस्टर फक्त फेज दाखवतो, न्यूट्रल ढिली आहे का अर्थिंग आहे का ते तो सांगत नाही. मग डब्याच्या मागचा छोटा काळा स्विच बघा, झाडू मारताना तो हमखास बंद होतो. मॉनिटरची वायर दोन्ही टोकांना घट्ट करा. यूपीएस असेल तर तो बायपास करून थेट भिंतीला लावून बघा, बॅटरी मेलेला यूपीएस पीसीला लोड येताच खाली बसवतो आणि लोक पीसीला शिव्या देतात.

इथेच पहिला थांबा. डब्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर पुढचं काही करू नका. अर्थिंग नसलं की पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून थोडा करंट डब्याच्या पत्र्यावर येतो, हे नेहमी दिसतं, पण ते फिल्टरचं आहे का खरोखर वायर लागलीय हे बाहेरून कळत नाही. जुन्या बिल्डिंगांत तीन पिनचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. हे काम वायरमनचं. तसंच, पीसी लावला की एमसीबी पडतोय किंवा जळका वास येतोय तर प्लग काढा आणि परत लावून 'बघू तरी' करू नका.

बटण दाबून ठेवा, आणि बाकी सगळं काढा

प्लग पूर्ण काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. पीसी बंद असला तरी प्लग लावलेला असेपर्यंत बोर्डला पाच व्होल्ट मिळतच असतात, आणि लाईट जा-ये झाली की कधी कधी बोर्ड अर्धवट अवस्थेत अडकतो, तो उरलेला चार्ज असा निघून जातो. मग फक्त कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर ठेवून बाकी प्रिंटर, पेनड्राईव्ह, वेबकॅम सगळं काढून चालू करा. पेनड्राईव्ह राहिला असेल आणि बोर्ड त्याच्यावर विंडोज शोधत बसला तर 'ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही' असा घाबरवणारा मेसेज येतो आणि हार्ड डिस्क बिचारी ठणठणीत असते.

बटणाचा सेल

तारीख चुकतेय तर बोर्डवरचा गोल सेल संपलाय, नंबर सीआर२०३२, ३ व्होल्टचा, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. तारीख मागे गेली की वेबसाईटची सर्टिफिकेट तपासणी फसते, म्हणून बँकेची साईट उघडत नाही, व्हायरस वगैरे काही नसतो. काही जुने बोर्ड सेल पार मेला की चालूच व्हायला कुरकुर करतात, म्हणून स्क्रीन काळी असली तरी हा सेल बदलून टाकावा असं माझं मत, एवढ्या कमी पैशात दुसरं काही बदलता येत नाही. सेल बदलल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डचं सेटिंगचं पान) जाऊन तारीख टाका आणि सेटिंग सेव्ह करा. आधी नीट चालणारी विंडोज सेल बदलल्यावर लोगोवरच रीस्टार्ट व्हायला लागली तर बायोसमधलं साटाचं, म्हणजे हार्ड डिस्कच्या जोडणीचं, सेटिंग बदललेलं असतं, तिथल्या दोन पर्यायांपैकी एएचसीआयचं आयडीई झालं असेल किंवा उलट. ते पूर्वीसारखं करायचं, विंडोज नव्याने टाकायची नाही.

रॅम, म्हणजे खरी गोम

पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, लांब बीप किंवा चालू-बंद-चालू, यातलं काहीही असेल तर पावसाळ्यात माझा पहिला संशय रॅमवर. हे घरी करता येतं, फक्त घाई नको.

प्लग काढा, स्विच बंद करणं पुरेसं नाही. डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. पावसाळ्यात दमट हवेमुळे ती कमीच असते, तरी सवय ठेवा. बाजूचं झाकण उघडा, डबा आडवा करा, आधी कोरड्या रंगकामाच्या ब्रशने रॅमच्या आजूबाजूची धूळ काढा, कारण रॅम काढल्यावर ती स्लॉटमध्ये पडली तर नवीन दुखणं. दोन्ही बाजूंच्या क्लिप बाहेर दाबल्या की पट्टी वर येते. कडेला धरून काढा. सोनेरी पट्टे साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा, डब्यापासून लांब, म्हणजे रबराचा चुरा आत जाणार नाही. शाईचं, खरखरीत निळं रबर नको, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, दोन-चार वेळा घासलात तर खालचा धातू उघडा पडेल आणि मग दर पावसाळ्यात हेच. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर रबरापेक्षा तेच बरं, कापसावर घेऊन पुसा आणि वाळू द्या. हाताचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. स्लॉटमध्ये ब्लोअर मारायचा तर पंप दाबायचा साधा, तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीची वाफ जाते.

पट्टी परत लावताना खाच बघा, उलटी बसतच नाही, आणि दोन्ही बाजूंना 'कट्' आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली रॅम हे मी फार बघते, लोक बोर्ड वाकेल म्हणून घाबरून कमी दाबतात. दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावून चालू करा, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी पट्टी. कंटाळवाणं आहे, पण पट्टी गेलीय का स्लॉट गेलाय हे असंच कळतं, आणि स्लॉट गेला असेल तर दुसऱ्या स्लॉटवर अजून काही वर्षं काढता येतात. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर तेही काढून, पट्टे पुसून, आणि आधी त्याच्याशिवाय बोर्डवरच्या मॉनिटर पोर्टला वायर लावून बघा.

दर वेळी वेगळ्या कोडची निळी स्क्रीन असेल तरी हेच करा. नंतर विंडोजच्या सर्चमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' टाइप करून ती टेस्ट चालवा, एक जरी एरर आली तरी ती पट्टी गेली, तिच्यावर भरवसा ठेवू नका, खराब रॅम फाईल सेव्ह करतानाच चुकीची लिहिते आणि ते तुम्हाला सहा महिन्यांनी कळतं.

चालू झाला का? मग थांबा, आता दुरुस्ती नाही, बॅकअप

स्क्रीन आली की सगळ्यांना आनंद होतो आणि लगेच कुणीतरी विंडोज अपडेट लावतं, कुणी अँटीव्हायरसचा फुल स्कॅन, कुणी डीफ्रॅग. नको. हा पीसी आज चालू झालाय, उद्या होईल असं नाही, आणि हार्ड डिस्क म्हातारी असेल तर हे सगळे प्रकार तिला शेवटचा धक्का देतात. चेकडिस्कसुद्धा आत्ता चालवू नका, पूर्ण तपासणी लावली तर ती डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचते आणि मोडलेल्या फाईलींचे तुकडे 'दुरुस्त' करताना टाकूनही देते.

एक्स्टर्नल हार्ड डिस्क डब्याच्या मागच्या यूएसबी पोर्टला लावा, पुढच्या पोर्टची वायर जुनी असते आणि करंट कमी पडला की कॉपी मध्येच तुटते. 'कट' नाही, 'कॉपी'च. क्रम असा ठेवा की लहान आणि परत न मिळणारं आधी: कागदपत्रं, मग फोटो, मग व्हिडिओ. पिक्चर आणि गाणी सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच. एखाद्या फाईलवर कॉपी अडकली तर 'स्किप' करून पुढे जा, तिथेच पंधरा वेळा प्रयत्न केलात तर बाकीचं मिळायच्या आधी डिस्क बसेल. पेनड्राईव्हवर मोठी फाईल 'जागा आहे तरी जात नाही' असं म्हणत असेल तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही.

काय काय घ्यायचं यात लोक हमखास विसरतात त्या गोष्टी:

डेस्कटॉप आणि डाऊनलोड्स, कारण आपल्याकडे खरं ऑफिस डेस्कटॉपवरच असतं. टॅलीचा डेटा, तो डॉक्युमेंट्समध्ये नसतो, टॅली उघडल्यावर डेटाचा पाथ दिसतो ते फोल्डर पूर्ण घ्या आणि टॅलीच्या आतून बॅकअप वेगळा घ्या. आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी फाईल, तिच्यात मेल साठलेले असतात. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड.

आणि मराठी फॉण्ट. हे फार महत्त्वाचं आहे आणि कुणी सांगत नाही. युनिकोड रुळायच्या आधी आपण श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या फॉण्टमध्ये टाइप करायचो, त्या फाईलींच्या आत खरं तर मराठी नाही, इंग्रजी अक्षरं आहेत, फॉण्ट त्यांना मराठी दाखवतो. नवीन पीसीवर फॉण्ट नसेल तर आजोबांनी टाइप केलेलं सगळं आत्मचरित्र किंवा सोसायटीची वीस वर्षांची इतिवृत्तं नुसती अक्षरांची खिचडी दिसतात. म्हणून विंडोज फोल्डरमधलं फॉण्ट्सचं फोल्डर उचला आणि महत्त्वाच्या फाईलींची तिथेच, जुन्या पीसीवर, पीडीएफ करून ठेवा. चालू पीसी हातात आहे तोवर हे पाच मिनिटांचं काम आहे.

कॉपी झाली की फोल्डरवर राईट क्लिक करून दोन्हीकडच्या फाईलींची संख्या आणि साईज जुळवा, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर अधूनमधून काही फोटो, काही एक्सेल खरंच उघडून बघा. फाईलचं नाव दिसणं म्हणजे फाईल येणं नव्हे.

एकच प्रत पुरत नाही. एक घरात, एक घराबाहेर, म्हणजे बहिणीकडे, ऑफिसच्या लॉकरमध्ये, कुठेही. २६ जुलै २००५ ला ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं त्यांच्याकडे पीसी आणि बॅकअपच्या सीडी एकाच कपाटात होत्या असं बऱ्याच घरांत झालं. गुगलवर १५ जीबी फुकट मिळतात पण त्यात मेल, ड्राईव्ह आणि फोटो तिन्ही आले, १ जून २०२१ पासून फोटोही मोजले जातात, त्यामुळे तिथे कागदपत्रं ठेवा, लग्नाचा व्हिडिओ नाही. आणि सिंक म्हणजे बॅकअप नाही, इकडे डिलीट केलं की तिकडेही जातं. एक्स्टर्नल डिस्क कायम पीसीला लावून ठेवू नका, विजेचा झटका किंवा व्हायरस आला तर दोन्ही एकदमच जातील. जुन्या डीव्हीडी असतील तर त्याही याच वेळी कॉपी करून घ्या, आपल्या हवेत त्यांना बुरशी लागते.

विंडोज येतच नाही पण बायोसपर्यंत स्क्रीन येतेय तर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम) पेनड्राईव्ह बनवून त्याच्यावरून चालू करा, इन्स्टॉल न करता तसंच वापरता येतं, तिथून फाईली काढता येतात. बोर्डच मेला असेल तर डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या पीसीला लावा. डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून वेगळा पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्या, लॅपटॉपच्या छोट्या डिस्कवाला चालत नाही.

डिस्कची तब्येत

बॅकअप झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका. ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघा, यांच्या 'रॉ व्हॅल्यू' रकान्यात शून्याच्या वर आकडा असेल आणि आठवड्याने वाढलेला दिसला तर डिस्क जातेय, तिला दुरुस्त करायचं नसतं, बदलायचं असतं. सी७ वाढत असेल तर मात्र आनंद माना, तो बहुधा साटा केबलचा दोष असतो, केबल बदलली की आकडा तिथेच थांबतो. 'फार स्लो झालाय' ही तक्रार असेल तर माझं मत स्पष्ट आहे, जुन्या पीसीवर पैसा घालायचाच तर साटा एसएसडीवर (फिरत्या थाळीशिवायची वेगवान डिस्क) घाला, रॅम वाढवण्यापेक्षा फरक जास्त पडतो, आणि उद्या पीसी भंगारात गेला तरी एसएसडी काढून दुसरीकडे वापरता येते.

डिस्कमधून टक-टक, टक-टक असा ठराविक आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि परत चालू करू नका. आत थाळी वाचणारं हेड आपटतंय, दर वेळी चालू केलं की थाळीवर अजून ओरखडा. फ्रीजमध्ये ठेवणं, टपली मारणं, झाकण उघडणं, हे ऐकीव उपाय करू नका. त्यात खरंच परत न मिळणारं काही असेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे, गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडेही नाही. खर्च मोठा येतो, आधी अंदाज लेखी घ्या आणि मगच ठरवा.

थोड्या वेळाने बंद पडतो

हे बहुतेक गरमीचं. सीपीयूवरचा (बोर्डवरच्या मुख्य चिपवरचा) पंखा न काढता त्याच्या खाली बघा, पंखा आणि अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या मधे धुळीची गादी बसलेली असते, वरून पंखा फिरताना दिसतो म्हणून कळत नाही. ब्रशने काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरला पोचवणारा लेप) वाळून खडू झाली असेल तर जुनी पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवीन लावा. इंटेलच्या जुन्या कूलरच्या चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्या ठिसूळ होऊन तुटतात, एक जरी नीट बसली नाही तरी पीसी मिनिटाभरात बंद होतो. हात धजावत नसेल तर हे दुकानातून करून घ्या, त्यात लाज नाही.

पॉवर सप्लाय, आणि त्यापुढे हात लावू नका

बटण चार-पाचदा दाबल्यावर चालू होतो, सकाळी कुरकुर आणि एकदा गरम झाला की दिवसभर ठीक, हे एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा, म्हातारा झाल्याचं लक्षण. सोपी चाचणी म्हणजे ओळखीच्या चांगल्या पीसीचा एसएमपीएस लावून बघणं. लावताना मोठा २४ पिनचा आणि सीपीयूजवळचा छोटा ४ पिनचा असे दोन्ही कनेक्टर लावा, छोटा विसरला की पंखा फिरतो आणि स्क्रीन काळी, म्हणजे परत पहिल्या पानावर. मल्टीमीटर असेल तर पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ आणि लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत.

एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) तीनशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात. आत पाल गेलीय, मुंग्या आहेत, कळतंय, तरी नाही. नवा घ्या, आणि अगदी हलका, अनोळखी नावाचा घेऊ नका, त्यांच्यावर छापलेले वॅट खरे नसतात.

बोर्डवर कपॅसिटरची डोकी फुगलेली किंवा तपकिरी चिकट पाणी आलेलं दिसलं, किंवा डब्यात पाणी शिरलं होतं, तर घरचं काम संपलं. फुगलेले कपॅसिटर बदलून देणारे कारागीर आहेत, पण त्या खर्चाचा आणि पीसीच्या वयाचा मेळ घाला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (बोर्डवरची सुरक्षेची सोय) लागतं, जे या वयाच्या बोर्डांवर नसतं. त्यामुळे बोर्डवर मोठा खर्च करून हातात येणार तो असा पीसी, ज्याच्यावर बँकेचं काम करायला मीतरी सांगणार नाही. टॅली आणि जुने फोटो बघण्यापुरता, इंटरनेटशिवाय ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी.

दुकानात द्यायची वेळ आलीच तर द्यायच्या आधी हार्ड डिस्क काढून घरी ठेवा, दोन वायरी आणि चार स्क्रू एवढंच असतं, आणि बोर्ड, रॅम, एसएमपीएस तपासायला त्यांना ती लागत नाही. डिस्कसकट द्यायचाच असेल तर पावतीवर 'फॉरमॅट करू नये, विचारल्याशिवाय विंडोज टाकू नये' असं लिहून घ्या आणि बदललेले जुने पार्ट परत मागा.